काचपेटीतला तराजू आणि सात खिडक्या

त्या घरात थंडी दरवर्षी येत नसे. ती तिथेच राहायची. उन्हाळ्यात फक्त चार दिवस बाहेर फिरून यायची. कपातल्या चहाची वाफ वर निघे, खोलीतली हवा बघे आणि निमूटपणे परत कपात जाऊन बसे. थर्मामीटरमधला पारा एका हिवाळ्यात इतका खाली उतरला की आकडा वाचायला म्हणे गुडघे टेकावे लागले. घरात एक मांजर होतं. तेही शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीत राहायला गेलं आणि वर्षातून एकदा, लांबच्या नातेवाइकासारखं, दारातूनच ख्यालीखुशाली विचारून जाऊ लागलं. यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेल्या निम्म्यात दोन स्वेटर आणि तीन मोजे घालून वावरावं लागे, हे खरं.

वावरणारी माणसं दोन. एक आक्का, वय शहात्तर, आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ, वय एकाहत्तर. जन्मभर दुकानदारांचे, सोनारांचे, औषधवाल्यांचे तराजू दुरुस्त करून त्याने ते अचूक करून दिले होते, म्हणून सगळी गल्ली त्याला मिलीग्रॅम म्हणत असे. आक्का मात्र त्याला अजून बाळ्याच म्हणायची. मिलीग्रॅम कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मानत नसे. "फार थंडी आहे" असं कोणी म्हटलं, की तो विचारी, "फार म्हणजे किती?"

आक्का मोती ओवायची. सराफांकडून तुटलेले सर यायचे. ती मोत्यांचे रंग जुळवायची आणि बारीक रेशमी दोऱ्यात दर मोत्यामागे एक गाठ मारत पुन्हा सर बांधायची. हे काम खिडकीशीच व्हायचं, कारण पांढऱ्या आणि पांढऱ्यात जो फरक असतो तो दिव्याखाली दिसत नाही. तो फक्त दिवसाच्या उजेडाला कळतो आणि आक्काला. पण त्या हिवाळ्यात तिची बोटं लाकडासारखी होऊ लागली. मोती निसटायचे, टपटप करत कपाटाखाली जायचे, आणि मिलीग्रॅम टॉर्च घेऊन पोटावर सरपटायचा.

एका बुधवारी आक्काची लेक आली. आईचे निळे पडलेले अंगठे तिने हातात घेतले आणि कोट न काढताच निकाल दिला.

"रविवारी मी गाडी घेऊन येतेय, मामा. आईला माझ्याकडे नेते. नववा मजला, अख्खी इमारत गरम. बस्स झालं हे."

"आणि माझं काम?" आक्का म्हणाली.

"आई, माझ्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. मोती नाही ओवता येणार. पण बोटं तर राहतील!"

"अगं, रविवारपर्यंत मी काहीतरी..." मिलीग्रॅम म्हणाला.

"तू काय करणार? थंडीचं वजन करणार?" भाची म्हणाली आणि जाता जाता जिन्यावरून ओरडली, "खिडक्या बदल, मामा! त्या खिडक्या आजोबांच्या वेळच्या आहेत, त्यांना आता तरी निवृत्त कर!"

ती गेल्यावर आक्का पुन्हा ओवायला बसली. आक्का गेली तर घरात काय उरेल याचा हिशेब मिलीग्रॅमने मनात मांडायला घेतला आणि पहिल्याच ओळीवर सोडून दिला. काही गोष्टी न मोजलेल्याच बऱ्या.

संध्याकाळी मिलीग्रॅमने बोलावलेला खिडकीवाला आला. तरुण, तुकतुकीत, बोलण्यात साखर. बरोबर पेटी आणली होती. त्यात दिवा, साधी काच आणि नवी काच: दुहेरी, मधे हवा कोंडलेली, आतून डोळ्याला न दिसणारा कसलासा मुलामा दिलेली. त्याने दिवा लावला.

"काका, हात धरा. साध्या काचेमागे चटका, बरोबर? आता नव्या काचेमागे. काही लागतं?"

"नाही."

"बघा!"

"बघितलं. पण हा दिवा ऊब आत येऊ देत नाही असं दाखवतो. माझी तक्रार ऊब बाहेर जाते ही आहे."

खिडकीवाल्याने प्रथमच श्वास घेतला. "काका, जी काच इकडून अडवते ती तिकडूनही अडवते. खर्चात तिसरा हिस्सा वाचतो."

"कोणी मोजलं?"

"कंपनीने."

"आणि कंपनीच्या काट्यावर शिक्का कोणी मारला?"

"बाळ्या," आक्का कोपऱ्यातून म्हणाली, "त्याला चहा तरी पिऊ दे, मग तपासणी कर."

सात खिडक्यांचा आकडा सांगताना खिडकीवाल्याने आवाज इतका खाली घेतला, जणू आकडा आजारी होता आणि शेजारच्या खोलीत झोपला होता. मग लगेच आवाज वर. "पण बारा-पंधरा वर्षांत सगळं वसूल!"

"म्हणजे मी नव्वदीत गरम होणार," आक्का म्हणाली. "तोवर एक शाल दे."

तो हसला, माणूस वाईट नव्हता. नव्या काचेचा एक तळहाताएवढा तुकडा ठेवून गेला. जाता जाता त्याची नजर कोपऱ्यातल्या तराजूवर पडली, तशी ती प्रत्येकाचीच पडायची.

तो तराजू म्हणजे मिलीग्रॅमचं सर्वस्व. पितळी, नाजूक, त्याच्या उस्तादाने मरताना दिलेला. तीन बाजूंनी पाण्यासारखी स्वच्छ काच असलेल्या पेटीत तो उभा असे, कारण वाऱ्याची झुळूकही त्याला सहन होत नसे. मिलीग्रॅमच्या म्हणण्यानुसार त्याने एकदा सहीचं वजन केलं होतं: आधी कोरा कागद ठेवला, मग सही केलेला, आणि काटा हलला. कोणाची सही हे विचारलं की तो म्हणे, "हलकीच होती." गावातल्या संग्रहालयाचे साहेब गेली सहा वर्षं तो तराजू मागत होते. त्यांनी देऊ केलेली किंमत आणि सात खिडक्यांची किंमत शेजारी शेजारी ठेवली, तर पारडी बरोब्बर समोरासमोर येत होती. हे त्याला आकडा ऐकताक्षणीच कळलं होतं, आणि आक्कालाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"सगळ्यात आधी," मिलीग्रॅम म्हणाला, "खिडक्या खरंच गुन्हेगार आहेत का, ते बघायला हवं. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

"आणि ते कोण बघणार?"

"हाच," तो म्हणाला, आणि तराजूकडे बोट केलं.

आरोपी खिडकी, साक्षीदार तराजू. खिडकी निर्दोष सुटली तर तराजू वाचणार होता. असा साक्षीदार कुठल्याही कोर्टाने हाकलून दिला असता, पण मिलीग्रॅमच्या घरात कोर्टही तोच होता.

गुरुवारी सकाळी त्याने तराजू पेटीबाहेर काढला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर ठेवला. फटीतून वारा येत असेल तर पारडं झुलणार, काटा सरकणार, साधी गोष्ट. मग त्याने कामाला सुरुवात केली, उस्तादाने शिकवली होती तशी. उस्ताद सांगायचे, "आधी हवा बसव, मग वजन कर." पेटीच्या खणात एका जाड घोंगडीची सुरळी असायची. ती दाराच्या खालच्या फटीत घट्ट दाबायची. कुलपाच्या भोकात मेणाची गोळी. मग पंधरा मिनिटं गप्प बसायचं. पन्नास वर्षं त्याने हे केलं होतं. हात आपोआप चालत. मोजून झालं की सुरळी झटकून, घडी करून पुन्हा खणात. ती सुरळी यंत्राची होती. घराच्या कामाला ती वापरावी हे त्याच्या मनाला कधी शिवलं नव्हतं, जसं देवळातली घंटा कोणी जेवायला बोलवायला वाजवत नाही.

काटा हलला नाही.

"निर्दोष," मिलीग्रॅम म्हणाला आणि वहीत लिहिलं.

बैठकीतल्या दोन खिडक्या, निर्दोष. जिन्याजवळच्या खोलीची, निर्दोष. शुक्रवारी झोपायच्या खोल्यांच्या दोन, निर्दोष. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीतून तर बाहेरचं दिसत होतं, लाकूड कुजून बोट आत जात होतं, तरी काटा जागचा ढळेना. मिलीग्रॅमला मनातून उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा त्याने न्यायाधीशाचा ठेवला. एकच गोष्ट त्याला छळत होती. खिडक्या निर्दोष, तर मग बोटं निळी कोण करतंय?

शनिवारी राहिली फक्त शेवटची, आक्काच्या खोलीची. तिथे तो सगळ्यात जास्त वेळ थांबणार होता, कारण खरा संशय तिच्यावरच होता. त्याने दाराला सुरळी दाबली, भोकात मेण घातलं, तराजू आक्काच्या टेबलाच्या टोकाला ठेवला.

"आक्का, उसासा टाकू नकोस."

"अरे, श्वास घेऊ ना? की तोही तुला आधी मोजून देऊ?"

"नाकाने घे. हळू."

"सत्तर वर्षांपूर्वी तुला सांभाळायला घेतलं तोच माझा गुन्हा," आक्का पुटपुटली, आणि खाली मान घालून ओवू लागली.

दोन तास गेले. हीटर गुणगुणत होता. काटा शून्यावर असा उभा, जणू त्याचा फोटो काढत होते. मिलीग्रॅमने वही उघडली, "सातवी: निर्दोष" असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि उठला.

"सुटली! सातही सुटल्या! खिडकीवाल्याला सांगतो, तुझी काच तुला लखलाभ."

"बाळ्या," आक्का म्हणाली.

तिच्या हातात पूर्ण सर होता. बेचाळीस मोती, बेचाळीस गाठी. टेबलाखाली एकही पडला नव्हता. आणि तिने, कधी ते तिलाही कळलं नव्हतं, शाल काढून खुर्चीवर टाकली होती.

"हे कधी केलंस?"

"आत्ता. तू तुझ्या काट्याकडे डोळे लावून बसला होतास तेव्हा." तिने बोटं उघडली-मिटली. "महिन्याभरात अशी चालली नव्हती रे. तू मोजतोस तेव्हा ही खोली गरम होते."

"मोजल्याने काही गरम होत नाही."

"मग कशाने होते? सांग ना. तू शहाणा."

मिलीग्रॅम दाराकडे गेला, उत्तर शोधायला नव्हे, सुरळी काढायला. कारण काम संपलं होतं आणि काम संपलं की सुरळी काढायची असते. त्याने ती खेचली मात्र, त्याच्या घोट्यांवरून काहीतरी गार सरपटत बाहेर गेलं. मागे टेबलावर टिंग असा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं. तराजूची पारडी खालच्या तळावर आपटत होती आणि काटा घाबरलेल्या माणसाच्या बुबुळासारखा इकडून तिकडे पळत होता.

त्याने सुरळी परत दाबली. काटा बसला. काढली, तर पळाला. दाबली, बसला. आठ-दहा वेळा त्याने तेच केलं.

"माझं काही चुकत असेल तर सांग," आक्का म्हणाली, "पण हा पाळणा तू किती वेळ हलवणार आहेस?"

"आक्का, वारा खिडकीतून येतो. पण येतो केव्हा, तर त्याला जायला वाट असेल तेव्हा! आत येणाऱ्याला बाहेर पडायचं दार हवंच. मी प्रत्येक वेळी आधी ते दार बंद करत होतो, आणि मग खिडकीला विचारत होतो, तू चोर आहेस का?"

"म्हणजे तुझ्या सगळ्या निर्दोष..."

"रद्द," मिलीग्रॅम म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःच्या वहीतलं काही खोडलं, आणि त्याचे डोळे मात्र चमकत होते. "पण जातो कुठे हा? दाराखालून निघून पुढे कुठे?"

आक्काने रेशमी दोऱ्याचा वीतभर तुकडा कापून दिला. तो चिमटीत धरून मिलीग्रॅम बोळात आला. दोरा दाराच्या फटीपासून बोळाकडे झुकला. तो दोऱ्यामागून निघाला, स्वयंपाकघराच्या दारापुढून, जिन्यापुढून. प्रत्येक फटीतून गार हवा निघून त्याच दिशेला चालली होती, एखाद्या मिरवणुकीत गल्लीगल्लीतून माणसं येऊन मिळावीत तशी. आणि बोळाच्या टोकाला दोरा सरळ वर उभा राहिला. छताकडे बोट दाखवत.

वर माळ्याची झडप होती. वीतभर उघडी. तिच्या कडेखाली एक लोखंडी वजन अडकवलेलं होतं, दोन किलोचं, शिक्क्याचं.

ते मिलीग्रॅमनेच अडकवलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी. माळ्यावर त्याची जुनी वजनं ठेवलेली होती आणि त्यांना ओल लागून गंज चढू नये म्हणून हवा खेळती राहायला हवी होती.

"काखेत कळसा," आक्का मागून म्हणाली.

"पुढचं बोलू नकोस."

"गावाला वळसा," ती म्हणाली. आईच्या मागे वाढवलेल्या भावाला कोणी एवढ्यावर सोडत नाही.

त्याने शिडी लावली आणि डोकं वर घातलं. सव्वीस वर्षं घराची सगळी ऊब, चहाची, आंघोळीच्या पाण्याची, दोघांच्या श्वासांची, त्या वीतभर फटीतून माळ्यावर जात होती. तिथल्या गार छपराला लागून तिचं पाणी होत होतं आणि थेंबथेंब वजनांवर पडत होतं. वजनं लालभडक गंजली होती. पापुद्रे गळून गळून पाच किलोचं वजन आता जेमतेम साडेचार भरलं असतं. मिलीग्रॅम बराच वेळ वरच राहिला.

"काय रे, आहेस ना?"

"आहे," वरून आवाज आला. "माझ्याहून गंजकी माणसं भेटली, जरा बोलत बसलोय."

झडप बसली. घरातल्या प्रत्येक दाराला घोंगडीची सुरळी मिळाली. त्यासाठी त्याने स्वतःचं अंथरूण फाडलं. दुपारी चारपर्यंत घराचा नूर पालटला. संध्याकाळी मांजर बेकरीतून आलं आणि उंबऱ्यावर थांबून, चुकीच्या घरी आलो की काय, म्हणून पाटी वाचून गेलं म्हणे.

पण आक्का टेबलापाशी बसली आणि थोड्या वेळाने डावा गाल चोळू लागली.

"वारा नाही," ती म्हणाली. "पण ही काचच गार आहे. भिंतीला टेकून बर्फ बसलाय असं वाटतं. उद्या पहाटे ही बोटं पुन्हा मोडणार."

मिलीग्रॅमने काचेला हात लावला. खरं होतं. फटी बुजवल्या तरी एकेरी काच ती एकेरीच. म्हणजे खिडकीवालाही अगदी खोटा नव्हता. त्याने खिडकीवाल्याचा नमुना आणून आक्कापुढे ठेवला आणि खूप हळू म्हणाला, "सात नकोत. ही एक घेऊ. संग्रहालयवाल्या साहेबांशी बोलतो. त्यांना पेटीशिवाय नुसता तराजू दिला तर..."

आक्काने डबीतून एक मोती घेतला, खिडकीत धरला, आणि मधे तो नमुना सरकवला. मग बाजूला केला. मग पुन्हा सरकवला.

"कावीळ," ती म्हणाली.

"काय?"

"मोत्याला कावीळ होते या काचेतून. तुला नाही दिसायचं. तुझ्या खिडकीवाल्यालाही नाही. पण असल्या उजेडात मी जुळवलेला सर सराफ दारात उभा राहून परत करेल." तिने नमुना बाजूला ठेवला. "इतरांच्या घराला चांगली आहे रे. माझ्या कामाला नाही. तराजू विकू नकोस. उद्या मी जाते लेकीकडे. हिवाळाभरच."

हिवाळाभरच. दोघांनाही ठाऊक होतं, शहात्तरीत थांबवलेलं काम वसंतात पुन्हा सुरू होत नाही.

मिलीग्रॅम खोलीत येरझाऱ्या घालू लागला. टेबलावर तराजू अजून उघडाच उभा होता, तासन् तास, पेटीविना. काटा शून्यावर. त्याने काट्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या रिकाम्या काचपेटीकडे.

"आक्का, तो मोती धर जरा."

त्याने तिला मोती उजेडात धरायला लावला आणि पेटीचं पुढचं दार बिजागरीतून काढून मधे धरलं.

आक्काने डोळे बारीक केले. "काच आहे का मधे?"

"आहे."

"मग दिसत का नाही?"

पेटीचे स्क्रू काढायला मिलीग्रॅमला दोन मिनिटं पुरली असती. त्याने वीस घेतली. प्रत्येक स्क्रू त्याने बशीत, काढल्या क्रमाने ठेवला. पुढची काच मधोमध, बाजूच्या दोन तिच्या दोन्हीकडे, भोवती लाकडी पट्ट्या, कडांना वजनांच्या डब्यातली मऊ लोकर. जुन्या खिडकीपासून चार बोटं आत ही दुसरी खिडकी उभी राहिली, मधे कोंडलेली हवा, अगदी खिडकीवाल्याच्या पेटीतल्यासारखी, फक्त कावीळ नसलेली. आक्का हे सगळं पाहत होती. एकदा तिने "अरे बाळ्या" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या पाठीकडे बघून मिटलं.

रविवारी सकाळी भाची आली, रिकामी बॅग घेऊन, दार मागे नुसतं लोटून. आई खिडकीशी बसली होती, अंगात एकच स्वेटर, समोर पांढऱ्या रेशमावर चढत जाणारा सर. भाचीने आईचे अंगठे पाहिले. मग तिने, बोलता बोलता, स्वतःच्या कोटाचं पहिलं बटण सोडलं. मग दुसरं. मिलीग्रॅम ती बटणं मोजत होता.

"खिडक्या बदलल्यास? चार दिवसांत?"

"एकही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट कुजलीय. ती काढावीच लागेल, तेव्हा त्या पोराकडून नवी घेईन, मुलाम्याची, तिथे कोणी मोती बघत नाही. बाकीच्यांना काय झालंय? नुसत्या म्हाताऱ्या आहेत म्हणून कोणाला घराबाहेर काढायचं नसतं."

"हे कोणाबद्दल बोलतोयस, मामा?"

"खिडक्यांबद्दल."

भाचीने कोट काढला. कुठे टांगावा म्हणून कोपऱ्यात पाहिलं, आणि थबकली. काचपेटीच्या जागी नुसता लाकडी सांगाडा होता. तराजू टेबलावर, उघड्या हवेत.

"मामा! पेटीशिवाय? हा तर वाऱ्याने बिघडतो म्हणायचास ना?"

"म्हणूनच ठेवलाय," मिलीग्रॅम म्हणाला. "तो काय म्हणतो बघ."

ती वाकली. काटा शून्यावर होता. ती हळूच बाजूला झाली तरी शून्यावर. मग अचानक मागे दार करकरलं आणि पारडी टिंग करून तळावर आपटली.

आक्काने मान वर केली नाही, गाठ अर्धी होती. मिलीग्रॅमही वळला नाही. दोघं एका सुरात म्हणाली,

"अगं, दार लाव!"